रूपाबाईचं सरकारी वय

"साहेब, तुमी रिटायर झाल्यावर तुमाला महिन्याला किती पेन्शन भेटंल?"

पंधरा ऑगस्टची ग्रामसभा होती. झेंडा फडकला होता, पोरासोरांना जिलेबी वाटून झाली होती, आणि बेलमाळ तांड्याच्या समाजमंदिरात तालुक्याहून आलेले साहेब विकास आराखडा वाचत होते. मधूनच हा प्रश्न आला आणि साहेबांचं बोट कागदावर होतं तिथंच थांबलं.

विचारणारी होती निलम प्रेमदास राठोड, इयत्ता दहावी. मागं तिच्या तीन मैत्रिणी तोंडात ओढणी कोंबून हसत होत्या. त्यातल्या करुणानं सकाळी पैज लावली होती, "हे साहेबाला विचारून दाखव, आठ दिवस तुझं दप्तर मी वाहते." जिथं मोठ्या बाया तोंड उघडत नाहीत तिथं निलम काय उभी राहणार, असं करुणाला वाटलं होतं. पण सेनगावच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून निलमला चार माणसं एका जागी बसलेली दिसली की उठून बोलावंसंच वाटायचं. ती उठली.

"कोणाची आहे ही?" साहेबांनी विचारलं.

"माझी हाय जी," प्रेमदास मागच्या रांगेतून पुटपुटला. आपली शेळी दुसऱ्याच्या तुरीत शिरल्यावर माणूस जसा कबूल होतो, तसा.

साहेब तसे बरे होते. हसले. "बाळा, मी दोन हजार पाचनंतर नोकरीला लागलो. आम्हाला जुनी पेन्शनच नाही. त्यासाठी आम्ही संप केले, मोर्चे काढले. म्हातारपणी काय खायचं, ही चिंता आम्हालाही आहेच ना."

"म्हंजी म्हातारपणी पैसा लागतो, हे तुमाला पटतं."

"अर्थात."

"मग माझ्या दादीला काहून देत न्हाई?"

हे काही पैजेत नव्हतं. करुणाचं हसू तिथंच विरलं.

निलमची दादी, म्हणजे रूपाबाई, बायांच्या घोळक्यात खांबाला टेकून बसली होती. पाठीला बाक आलेला, उजव्या हाताची दोन बोटं धड मिटत नव्हती. तीस वर्षं ऊस तोडून ती तशी झाली होती. पासष्टीपुढच्या गरीब म्हाताऱ्यांना सरकार महिन्याला दीड हजार देतं. रूपाबाईनं तीनदा अर्ज केला आणि तीनदा तो परत आला. कारण एकच. आधार कार्डावर तिचं वय होतं अठ्ठावन्न.

खरं वय कोणाला ठाऊक? पण ती स्वतः सांगायची, की बहात्तरचा मोठा दुष्काळ पडला तेव्हा ती लग्न होऊन सासरी आली होती आणि रोजगार हमीवर खडी फोडत होती. त्या हिशेबानं सत्तरी कधीच उलटून गेली.

आणि तांड्यात ती एकटी नव्हती. अशा बारा बाया होत्या, कार्डावर सगळ्यांचा जन्म एक जानेवारीचा आणि सगळ्या दहा-पंधरा वर्षांनी तरण्या. तेरा वर्षांमागं साखर कारखान्याच्या तळावर आधारवाले आले होते. आदल्या सांजेला मुकादमानं पालापालावर जाऊन सांगितलं होतं, "वय कमी सांगा ग बायांनो. कार्डावर म्हातारी दिसली, तर पुढच्या साली टोळीत घेणार न्हाई." बायांनी ऐकलं. साठीला टेकलेल्या रूपाबाईनं पंचेचाळीस सांगितलं. तेव्हा ती खूशही झाली असेल, एका रात्रीत पंधरा वर्षं कमी झाली म्हणून! काम मिळालं. आता तेच कार्ड तिच्या आणि पेन्शनच्या मधे आडवं पडलं होतं.

आणि निलमच्याही वाटेत. यंदा बापूनं, म्हणजे प्रेमदासनं, ठरवलं होतं, की दादीलाही दसऱ्यानंतर टोळीबरोबर न्यायचं. एवढी म्हातारी तिथं काय करणार? तर तळावर भाकरी थापणार, उसाच्या शेंड्यांचं वाढं बांधणार. तिच्या गोळ्या-औषधांचे पैसे तेवढेच निघतील. दादी गेली, की घरी निलमजवळ राहायला कोणी नाही. म्हणून निलमनंही जायचं, दहावी अर्धी सोडून. याडीनं, म्हणजे निलमच्या आईनं, हे तिला चुलीपुढं बसून, तोंड दुसरीकडं करून सांगितलं होतं.

"हे बघ," साहेब म्हणाले, "पेन्शनचा विषय तहसीलचा. आज आपण तांड्याच्या विकासावर बोलतोय. तुमच्या तांड्याला स्वागत कमान मंजूर होतेय, चौदा लाखांची. आनंदाची गोष्ट आहे."

"कमान कशाला, साहेब? एसटी फाट्यावरूनच वळते. तिथून तांड्यापर्यंत गुडघाभर चिखल. कमानीखालून येणार कोण? म्हशी?"

आता पुरुषही हसले. शंकरसिंग मात्र हसला नाही. तो तांड्याचा मुकादम. कमानीचं काम त्याच्याच पुतण्याला मिळणार, हे शाळेतल्या पोरांनाही माहीत होतं.

"तो निधी वेगळा, हा निधी वेगळा," साहेब म्हणाले. "सरकारी पैसा असा इकडचा तिकडं करता येत नाही."

"मग तिकडचाच द्या ना! माझ्या दादीचा तिकडं हाय." निलम तरातरा पुढं गेली आणि दप्तरातून काढलेली दोन आधार कार्डं साहेबांपुढं टेबलावर ठेवली. "हे दादीचं. जन्म एकोणीसशे सदुसष्ट. हे माझ्या बापूचं. ते चौथीपर्यंत शाळेत गेले, म्हणून त्यांची तारीख खरी हाय. जन्म पंच्याहत्तर. आता तुमीच सांगा, साहेब. माझ्या दादीला आठव्या वर्षी लेकरू झालं का?"

समाजमंदिर हसण्यानं फुटलं. कोणी मांडीवर थाप मारली, कोणी ओरडलं, "आठव्या वर्षी! मग पाळण्यात कोण बसलं होतं, माय का लेक?" निलमही हसली. जिंकल्यासारखं वाटलं तिला. मग तिनं दादीकडं पाहिलं.

रूपाबाईनं पदर तोंडावर ओढला होता. तिचे खांदे हलत होते, पण ते हसण्यानं नव्हतं.

 निलमनं स्वतःच्या दादीचं भर सभेत हसं केलं होतं. ती माणसांकडं वळली आणि किंचाळली, "गप बसा! हसता काय? तुमच्या घरात बी हाय ना अशीच एक जानेवारीची म्हातारी? मुंजाजीकाका, तुमची माय कितीची हाय कार्डावर? सांगा ना!"

मुंजाजीकाकांनी मान खाली घातली. हसू बंद झालं.

मग रूपाबाई उठली. खांबाला धरून, हळूहळू. तोंडावरचा पदर मागं सारून तिनं सरळ मुकादमाकडं बघितलं.

"शंकरसिंग, तूच म्हणला होतास ना? वय कमी सांग म्हणून? मी खोटं बोलले, खरं हाय. पण बोलायला कोणी लावलं ते बी सांग साहेबाला."

"जुन्या गोष्टी कशाला उकरता, मावशी?" शंकरसिंग म्हणाला. "मी तर तुमच्या पोटापाण्याचंच बघितलं."

"बघितलंस बाबा. माझी पाठ बी बघ मग."

साहेबांनी घसा साफ केला. मग अगदी सोप्या आवाजात, चहाची किंमत सांगावी तसं म्हणाले, "अहो, एवढं काही नाही. जिल्हा रुग्णालयात डॉक्टर वय तपासून दाखला देतात. मुलाच्या शाळेचा दाखलाही जोडा. त्यावरून आधार दुरुस्त करा आणि नव्यानं अर्ज करा."

निलमला क्षणभर कळेनाच की आनंद मानायचा का टेबल उलथायचं. "हे होतं? मग तीनदा खिडकीवरून परत लावलं, तवा कोणी का सांगितलं न्हाई?"

"त्यांनी विचारलं नसेल."

"जिला लिहिता येत न्हाई, फॉर्मवर अंगठा उठवते, ती काय विचारणार? तुमी तिला विचारायला पाहिजे होतं! बाई, तुमचे हात असे का झाले? बाई, तुमचा पोरगा किती वर्षांचा? एवढंच! पगार कशाचा घेतात मग ते खिडकीवाले?"

साहेबांनी घड्याळ बघितलं. ठराव वाचला गेला, हात वर झाले, कमान मंजूर झाली. प्रेमदासचाही हात वर होता. निलमनं तो पाहिला.

बाहेर पडताना शंकरसिंगनं प्रेमदासच्या खांद्यावर हात ठेवला. "पोरगी हुशार हाय तुझी. पण सांभाळ. यंदा टोळीत कोयत्याच्या जोड्या बक्कळ झाल्यात. कोणाला वगळायचं, ते अजून ठरलं न्हाई."

प्रेमदास सगळ्यांच्या पुढं चालत घरी आला. आल्यावर पायताण फेकलं. "झालं समाधान? मुकादमानं न्हाई घेतलं, तर खाणार काय? तुझी वक्तृत्व स्पर्धा?"

"लेकराला कशाला बोलता," याडी हळूच म्हणाली.

"मग कोणाला बोलू? चारचौघांत मायचं हसं केलं हिनं."

"केलं," निलम म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. ती दादीजवळ जाऊन बसली. "दादी, चुकलं माझं. तुला न विचारता कार्ड काढलं मी."

रूपाबाईनं न मिटणाऱ्या हातानं तिचं तोंड जवळ ओढलं. "हसणारे हसले. पण मला बोलायचंच होतं ग. तेरा साल झाले. आज बोलले." मग प्रेमदासकडं वळून म्हणाली, "परेम्या, मला न्हाई यायचं तळावर. थंडीत हात चालत न्हाईत माझे. तुला सांगायची लाज वाटत होती."

प्रेमदास बाजेवर बसला.  याडीनं चुलीवर चहाचं आधण ठेवलं.

निलम उठून उभी राहिली. समोर समाजमंदिर नव्हतं, माणसं तीनच होती, तरी सभेपेक्षा इथं बोलणं जास्त अवघड होतं.

"बापू, याडी, ऐका. मी ठरवलंय. सोमवारी शाळा बुडवून मी दादीला हिंगोलीच्या दवाखान्यात नेणार. बाकीच्या अकरा जणींना बी विचारणार, ज्या येतील त्यांना संग घेणार. बापू, तुमच्या शाळेचा दाखला लागंल, पेटीतून काढून द्या. मुकादमाला काय सांगायचं ते तुमी बघा. पण दसऱ्यानंतर टोळीची गाडी आली, की दादी तिच्यात चढणार न्हाई. अन् मी बी चढणार न्हाई. मी दहावीला बसणार."