पाठ आहे ती, परात नव्हे

नलूआत्याचा आवाज तिच्या गळ्यातून निघून लोकांच्या फोनमध्ये राहायला गेला, तेव्हा ती भाच्याच्या बारशाच्या घुगऱ्यांसाठी हरभरे निवडत होती. भावजयीला हाक मारायला तिने तोंड उघडलं, तर आत काहीच नव्हतं. त्याच वेळी समोरच्या दुकानात कुणाचा तरी फोन तिच्या आवाजात ओरडला, "अगं हळू! पाठ आहे ती, परात नव्हे!" आणि दुकानातली माणसं खो खो हसली.

वाक्य तिचंच होतं. दिवाळीत चुलतभावाच्या मुलीचं बारसं झालं होतं. बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगायचा मान आत्याचा, आणि ती वाकली की मागून तिच्या पाठीत धपाटे घालायचा हक्क बाकीच्या बायकांचा. त्या दिवशी बायकांनी हात जरा जास्तच मोकळे सोडले. नलूआत्या कळवळून ओरडली आणि कुणीतरी ते फोनवर टिपलं. बघता बघता ते गावोगाव फिरलं, आणि मग त्याचं ॲप निघालं. काळ्या पडद्यावर एकच लाल गोल बटण, दाबलं की नलूआत्या ओरडणार. लोक ते वरातीत वाजवायचे, वर्गात वाजवायचे, साहेबाची पाठ वळली की ऑफिसात वाजवायचे. सुरुवातीला तिला मजा वाटली, खोटं कशाला बोला. भाजीवालीने "परातवाल्या ताई ना तुम्ही?" म्हणून मूठभर कोथिंबीर जास्त घातली, तेव्हा ती दिवसभर खुशीत होती.

आता मात्र कुठेही कुणी बटण दाबलं की तिच्या पाठीत धपाटा बसायचा. पाठीच्या मधोमध पोळपाटाएवढा लाल गोल उठला. तो दुखत नव्हता. आत दबायचा आणि पुन्हा वर यायचा, एवढंच.

खरी काळजी बाळाची होती. तिचा धाकटा भाऊ हेमंत आणि त्याची बायको सुजाता यांना बऱ्याच वर्षांनी मुलगा झाला होता, आणि नाव नसल्यामुळे तो पुसट होत चालला होता. आधी नखं गेली, मग पावलं. दुपट्यावरून हात फिरवला तर गुडघ्यांखाली नुसतं कापड लागायचं. बाळ आपलं मजेत मूठ चोखत पडलेलं असायचं. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "नाव ठेवलं की भरून येईल. फार लांबवू नका."

नाव एकट्या नलूआत्याला ठाऊक होतं. त्यांच्या घरात नाव आत्या ठरवते, आणि बाळाच्या कानात पडेपर्यंत ते दुसऱ्या कुणाला कळू देत नाही. सुजाताला दिवस गेल्यापासून तिने ते जिभेखाली जपलं होतं. तिला स्वतःला मूलबाळ नव्हतं. हे एक नाव मात्र तिचं होतं. तिने ते कागदावर लिहून पाहिलं, तर शाई वाळायच्या आत कागद कोरा झाला.

"कानात न पडलेलं नाव कागदावर राहत नाही," सुजाताची आई म्हणाली, आणि ते सगळ्यांना पटलं.

"ताई, होईल काहीतरी," म्हणत हेमंतने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिचं तोंड उघडलं आणि आतून आवाज आला, "अगं हळू! पाठ आहे ती, परात नव्हे!"

"आवाज आहे की!" हेमंतने पुन्हा हात दाबला. पुन्हा तेच. सुजाताने पाळण्याकडे पाहिलं आणि ती रडायला लागली. नलूआत्यालाही रडू आलं, पण त्याला आवाज नव्हता.

ॲप काढणारे बोंद्रे सांगलीला एका इमारतीत राहत होते. हेमंत तिला घेऊन त्यांच्याकडे गेला. बोंद्रे कुरमुरे खात बसले होते.

"या ताई. तुमचं बटण फार चाललंय," ते म्हणाले.

"ते बंद करा आणि हिचा आवाज परत द्या," हेमंत म्हणाला.

"माझ्याकडे कुठाय? बटण यांच्याकडेच आहे." बोंद्रेंनी नलूआत्याला पाठमोरं व्हायला सांगितलं, चष्मा लावून ब्लाउजच्या वर दिसणारी लाल कड पाहिली. "बरोबर. इथेच आहे."

"मग ते दुसरं काही का बोलत नाही?"

"दाबणाऱ्याला जे ऐकायचं असतं तेच ते बोलतं. तुम्ही दाबता तेव्हा तुमच्या मनात काय असतं?"

हेमंतने आठवून पाहिलं आणि मान खाली घातली. ते वाक्य एकदा ऐकलं की मनातून जात नसे.

"न ऐकलेला माणूस आणा," बोंद्रे म्हणाले आणि त्यांनी कुरमुऱ्यांची वाटी पुढे केली.

असा माणूस मिळाला नाही. शेजारचे ठार बहिरे आजोबाही तिच्या ओठांवरून ते ओळखून हसले. तोवर बाळ कमरेपर्यंत पुसलं गेलं होतं. मग हेमंतने बारशाचा दिवसच अलीकडे घेतला.

बायका जमल्या. टोपडं घातलेला वरवंटा पाळण्याखालून वरून फिरला. खोली आज नेहमीपेक्षा लहान होती. भिंती बायकांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि पाळण्याभोवतीचं कडं आवळत चाललं होतं. नलूआत्या वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेलं. रीत ती रीत, पहिला धपाटा पडला.

"अगं हळू! पाठ आहे ती, परात नव्हे!"

बायका हसल्या. त्यांना हसायचं नव्हतं, तरी हसल्या. दुसरा पडला, तिसरा पडला. प्रत्येक धपाट्याला तेच वाक्य बाहेर आलं. पण तिच्या तोंडातून निघालेलं ते कानापर्यंत पोचेना. पाळण्याच्या काठावरच ते मागे वळून बायकांकडे जात होतं. बाळाची छाती गेली. दुपटं सपाट झालं.

"थांबा! कुणी मारू नका!" सुजाता किंचाळली.

हात वरच्या वर थांबले. पाळण्यात आता एक चेहरा होता, दोन कान होते आणि दुपट्याबाहेर आलेला एक उजवा हात. डोळे आत्याकडे लागले होते. त्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. इतका वेळ वाक्य पाळण्याच्या काठाशी घुमलं, पण ते न ऐकलेला एवढा एकच जीव उरला होता.

नलूआत्या ते बघत राहिली. मग ती सरळ झाली, वळली आणि पाळण्याकडे पाठ करून खाली बसली. तिने पदर बाजूला घेतला, ब्लाउज खांद्यावरून उतरवला. इतक्या बायकांसमोर तिने असं कधी केलं नव्हतं. लाल गोल पाळण्याच्या काठाला टेकला. नाव जिभेखालून निघून ओठांपाशी येऊन थांबलं होतं.

तिच्या मागे पाळण्याची कडी करकरली. मग दुधाचा वास असलेला, ओलसर, कोमट तळहात तिच्या पाठीला लागला आणि दाबला.

नलूआत्याने तोंड उघडलं.