कार्ड नंबर चौदा

मालिनाला जर्मन शिकायला लावलं ते तिच्या नवऱ्यानं, गेन्चोनंच. "पास हो फक्त. तिकडं नर्सना डोक्यावर घेतात म्हणे. मी येईन मागनं, तुझ्या पिशव्या उचलायला," असं म्हणायचा. तीस वर्षं डॅन्यूब नदीच्या बंदरावर क्रेन चालवलेला गडी, पण दोन वर्षं रोज दुपारी स्वयंपाकघरात बसून बायकोची उजळणी घ्यायचा. कार्डाच्या एका बाजूला जर्मन, दुसऱ्या बाजूला बल्गेरियन. 'हे टेबल, ती खुर्ची' कधीच मागं पडलं होतं. आता नर्सांसाठीची बी-टू, म्हणजे वरच्या पातळीची जर्मनची परीक्षा होती, आणि मालिनाचं घोडं एकाच ठिकाणी अडत होतं.

या परीक्षेत समोरचा परीक्षक रोगी बनतो आणि त्याला वाईट बातमी सांगायची असते. समोर बसून, डोळ्यांत बघून, सगळं खरं खरं. आता बल्गेरियात असं कोण करतं हो? इथं डॉक्टर बायकोला व्हरांड्यात बोलावून खरं सांगतात, रोग्याला अल्सर सांगतात, आणि तो जाईपर्यंत सगळं घर अल्सर अल्सर करत राहतं. मालिनानं बावीस वर्षं नोकरीत हेच केलं होतं, आणि मायेनं केलं होतं. वर्गात किरोवाबाई कावायच्या, "अहो, व्याकरण सोन्यासारखं आहे तुमचं, पण धडधडीत खोटं बोलताय! तिकडं एका दिवसात घरी पाठवतील!"

ऑगस्टमध्ये गेन्चोचं वजन उतरायला लागलं. डॉक्टरांनी मालिनाला व्हरांड्यात बोलावलं. स्वादुपिंडाचा कर्करोग, फार पसरलेला. मग आत जाऊन त्यांनी गेन्चोच्या खांद्यावर हात ठेवला. "साधा अल्सर आहे. दारू नको, तिखट नको, सूप प्या." मालिना शेजारी उभी राहून हसली. त्या हसण्याची तिला स्वतःचीच किळस आली, पण ती हसली.

परीक्षा शनिवारी होती. गुरुवारी दुपारी ती बाल्कनीत हिवाळ्यासाठी मिरच्या भाजत होती, तर गेन्चो कार्डांचा गठ्ठा घेऊन तिथल्या टेबलाशी बसलाच.

"चौदा नंबरचं कार्ड तू महिनाभर खाली सारतेयस. मी काय आंधळा आहे?"

"आज नको रे."

"चल, मी रोगी. हा बघ, मेलोच!" त्यानं पोटावर हात दाबून डोळे फिरवले. सोंग आणायची त्याला आता गरजच नव्हती. मग कार्डावरचा प्रश्न त्यानं जर्मनमध्ये वाचला, "सिस्टर, तपासणीत काय निघालं?"

मालिनाचा हात आपोआप त्याच्या खांद्यावर गेला. बावीस वर्षांची सवय बोलली, आणि अगदी अस्खलित जर्मनमध्ये बोलली. "काळजी करू नका. साधा अल्सर आहे. दारू नको, तिखट नको, सूप प्या."

"नापास!" गेन्चो खदखदून हसला. "अगं बये, इथं काय लिहिलंय बघ तरी." त्यानं कार्ड उलटलं. "रोग्याला कर्करोग आहे. तो पसरलेला..."

हसता हसता तो थांबला. त्यानं खांद्यावरच्या हाताकडं बघितलं, मग तिच्या तोंडाकडं. मालिनाला हात काढूनही घेता येईना.

"पुन्हा घे," तो म्हणाला.

"गेन्चो, मिरच्या करपतील."

"करपू देत. समोर बस. तुझ्या बाई सांगतात तशी."

ती बसली. जर्मनमध्ये तिनं सगळं सांगितलं, कुठं आहे, किती पसरलंय, ऑपरेशन का होणार नाही. एका शब्दावरही अडखळली नाही. गेन्चोनं कार्ड उपडं ठेवलं आणि पुढचा प्रश्न न बघता जर्मनमध्येच विचारला, "माझ्या हातात किती दिवस आहेत?" दोन वर्षं तिचे शब्द घेता घेता तोही शिकला होता. हे त्या घरात कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"नाताळपर्यंत," ती जर्मनमध्येच म्हणाली. "कदाचित."

त्यानं कार्डं गोळा केली, नीट जुळवली, रबर लावलं. "एकही चूक नाही. पास होशील."

गठ्ठा त्यानं टेबलाच्या कडेला सारला. "आता आपल्या भाषेत सांग, मालिना."

तिनं तोंड उघडलं. त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"अल्सर आहे रे," ती म्हणाली, आणि टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडली.

गेन्चोनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"बरं," तो म्हणाला. "मग सूप वाढ."