हळदकुंकू लागलेली रहस्यकादंबरी

मी एक जुनी रहस्यकादंबरी आहे. मित्रांनो, एवढे वाक्य लिहितानाही मला थोडा संकोच वाटतो. पुस्तकांच्या जगात आमची जात फार वरची समजत नाहीत. थोरामोठ्यांची चरित्रे, कवितासंग्रह, निबंध ही मंडळी कपाटात दर्शनी जागी बसतात. आम्ही कुठेतरी मागे, आडव्या. त्यातून माझ्या मुखपृष्ठावर लाल अक्षरे आणि धुक्यात पडलेला एक हातमोजा. तरीही माझी गोष्ट सांगावीशी वाटते. रटाळ झाली तर पाने उलटून पुढे जा. माझ्या बाबतीत पुष्कळ जण तसेच करतात.

माझा जन्म २०१४ सालचा. माझ्या पोटात एक खुनी आहे. समुद्रकाठच्या एका लहान गावात तो एकामागून एक माणसे मारतो आणि प्रत्येक ठिकाणी डाव्या हाताचा एक हातमोजा ठेवून जातो. ओर्ला नावाची एक इन्स्पेक्टर त्याच्या मागावर आहे. माझी प्रकरणे आखूड आहेत. प्रत्येक प्रकरण संपताना कोणीतरी दार वाजवते, किंवा फोन वाजतो, किंवा दिवा जातो. यात फार मोठी कला आहे असे मी म्हणणार नाही. पण दार वाजले की ते उघडून पाहिल्याशिवाय माणसाला राहवत नाही, एवढे मला माहीत आहे.

माझी पहिली नेमणूक शॅननच्या विमानतळावरच्या पुस्तकांच्या दुकानात झाली. एका सकाळी धुक्यामुळे विमाने थांबली होती. एका गृहस्थाने वेळ घालवायला मला घेतले आणि खिडकीशी बसून वाचायला सुरुवात केली. धुके कधी निवळले ते त्याला कळले नाही. शेवटी त्याच्या नावाचा पुकारा झाला, तोही त्याला ऐकू आला नाही. विमानतळावरची एक मुलगी धावत आली, तेव्हा तो म्हणाला, "एकच पान राहिलंय हो!" माझ्या आयुष्यातली ही पहिली शाबासकी. ते पान त्याने उभ्या उभ्या संपवले, मला बाकावर ठेवले आणि तो पळत सुटला.

बाकावरून कोणीतरी मला उचलून दान केले आणि मी जवळच्याच एनिस गावातल्या एका दुकानात आले. लोकांनी दान केलेल्या वस्तू तिथे विकतात. एका बाजूला वजन कमी करण्याचे पुस्तक आणि दुसऱ्या बाजूला केक करण्याचे, अशी आमची शेजार-व्यवस्था होती. त्या दोघांचे पटत नसे. मी मधे मुकाट उभी. माझ्या पाठीवर धूळ बसली, कोपरे वळले. मला कोणी न्यायचे नाही, अशी माझी खात्री झाली होती.

पण एका संध्याकाळी डॉक्टर नंदिनीने मला उचलले. ती मूळची नागपूरची, इथल्या इस्पितळात काम करणारी. तिने मला चहाच्या सुट्टीत, जेवताना आणि एकदा तर भाजी ढवळताना वाचले. भाजी लागली. तिचा नवरा अभिजित शॅननला एका कंपनीत संगणकाचे काम करतो. तो म्हणाला, "दिवसभर इस्पितळात एवढं पाहतेस, वर घरी येऊन खून कशाला वाचतेस गं?"

नंदिनी म्हणाली, "इथं शेवटी कळतं की नाही, कोणी केलं आणि का केलं? वॉर्डात दर वेळी कुठं कळतं!"

हे उत्तर मी जपून ठेवले आहे. माझा काही उपयोग आहे का, अशी शंका आली की मला ते आठवते.

वाचून झाल्यावर नंदिनीने मला जिन्याखालच्या कपाटात ठेवले. तिची मुलगी रुचा हिला बजावले, "हे तुझ्या वयाचं नाही, हात लावायचा नाही." कपाटात छत्र्या होत्या, व्हॅक्यूम क्लीनर होता. तिथे मी बरेच दिवस काढले.

मग २०१७ चा ऑगस्ट आला आणि नंदिनीचे वडील, पद्माकरराव, तीन महिन्यांसाठी नागपूरहून आले. ते निवृत्त मराठीचे शिक्षक. बारीक अंगकाठीचे, हळू बोलणारे. त्यांनी सोबत जाडजूड समीक्षाग्रंथ आणले होते. त्यातला एक मांडीवर घेऊन ते बसत आणि थोड्याच वेळात ग्रंथ उघडा आणि डोळे मिटलेले, असे होई.

नंदिनी इस्पितळात, अभिजित शॅननला. घरी आजोबा आणि शाळेतून आलेली रुचा. रुचाला मराठी सगळे समजे, पण बोलायचे झाले की इंग्रजी येई, तेही क्लेअरच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, मुलांसारखे भरभर आणि चढउतारांचे. आजोबांना ते पकडता येत नसे आणि पुन्हा विचारायची लाज वाटे. आजोबा विचारत, "शाळा कशी झाली?" रुचा म्हणे, "ग्रँड," म्हणजे इकडच्या भाषेत 'ठीक'. मग दोघे खिडकीबाहेर पाहत.

एके दिवशी आजोबांनी अभिजितला सांगितले, "अभिजितराव, तिकीट दिवाळीच्या आधीचं मिळते का पाहा. मी इथं बसून काय करून राहिलो? तुम्हाला उगाच माझी काळजी."

नंतर छत्री ठेवायला नंदिनी जिन्याखाली आली, तेव्हा कपाटाचे दार धरून स्वतःशीच पुटपुटत उभी राहिली. आई गेल्यानंतरची बाबांची पहिली दिवाळी होती ती. ती त्यांनी नागपूरच्या घरी एकट्याने काढू नये म्हणून तर तिने त्यांना बोलावले होते. हे तिने कोणाला सांगितले नाही. मी तिथे होते म्हणून मला कळले.

दुसऱ्याच दिवशी फिरायला जाण्यासाठी आजोबा छत्री शोधत होते. छत्रीऐवजी त्यांच्या हाती मी लागले. त्यांनी माझे मुखपृष्ठ पाहिले आणि नाक मुरडले. उभ्या उभ्या पहिले पान वाचले. मग दुसरे. मग ते जिन्याच्या पायरीवर बसले. पहिल्या प्रकरणाला त्यांनी शब्दकोश घेतला होता. तिसऱ्याला तो बाजूला राहिला. सहाव्याला ते स्वतःशीच म्हणाले, "अरे बापा, त्या दाराकडे नको जाऊ!"

मित्रांनो, त्या दिवसापासून आजोबा दुपारी झोपले नाहीत.

पण त्यांची एक अडचण होती. शाळेत असताना मुलांच्या बाकांतून रहस्यकथा काढून घेण्यात त्यांचे नाव मोठे होते. वर्गात त्यांनी पाऊल टाकले की दप्तरे बंद होत. आता लेकीच्या घरी, जावयासमोर, असले पुस्तक हातात कसे दिसावे? म्हणून त्यांनी मला खाकी कागदाचे कव्हर घातले. कडा इतक्या सुबक दुमडल्या की मी नवरीसारखी दिसू लागले. वर सुंदर वळणदार अक्षरात लिहिले, 'निवडक ललित निबंध'. मला तर भरूनच आले. निबंध म्हणून जगण्याची ही माझी पहिलीच वेळ.

आणखी एक गोष्ट फक्त मलाच माहीत होती. आजोबा फर्गस नदीच्या काठाने फिरायला गेले की रुचा त्यांच्या उशीजवळून मला काढून घेई. तिची खूण म्हणजे केसांची पिन आणि आजोबांची खूण म्हणजे विमानाच्या तिकिटाचा तुकडा. दोघांची खूण रोज पुढे सरके. रुचाच्या टोस्टचे कण माझ्या पानांत राहत. ते पाहून आजोबा नंदिनीला म्हणाले, "तुझ्या घरात उंदीर झाले आहेत वाटते." आजोबांच्या सुपारीचे बारीक तुकडे रुचाला सापडत. ती नुसती हसे. ती सगळे ओळखून होती, पण तिनेही सांगितले नाही. सांगितले असते तर आईने मला पुन्हा छत्र्यांत पाठवले असते.

असे करत दोघेही शेवटच्या चार प्रकरणांशी येऊन थांबले, आणि दसरा उजाडला.

या घरात दसऱ्याला सरस्वतीपूजन होते. ज्याचे जे साधन, ते पाटावर मांडायचे. नंदिनीने आपला स्टेथोस्कोप आणि वैद्यकाचे पुस्तक ठेवले. अभिजितने लॅपटॉप ठेवला. रुचाने भूगोलाचे पुस्तक ठेवले आणि कॅमोगी या इथल्या मुलींच्या खेळाची काठी, म्हणजे हर्ली, आडवी ठेवली. मग नंदिनी म्हणाली, "बाबांचं पुस्तक राहिलंच की!" आणि आजोबा अंघोळीला गेले असताना तिने त्यांच्या उशीजवळून 'निवडक ललित निबंध' आणून पाटाच्या मधोमध ठेवले. माझ्यावर हळद वाहिली, कुंकू वाहिले, शेजारणीच्या बागेतले डेलियाचे पिवळे फूल ठेवले.

माझी काय अवस्था झाली असेल, विचार करा. माझ्या पोटात एवढे खून, आणि वर कुंकू!

आजोबा बाहेर आले आणि पाहतच राहिले. पण आता उपाय नव्हता. एकदा पूजेत मांडलेल्या पुस्तकाला दुसऱ्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही, हा त्यांचाच घालून दिलेला नियम. आणि सकाळी पुस्तक उचलले की प्रत्येकाने आपल्या पुस्तकातल्या चार ओळी सर्वांसमोर मोठ्याने वाचायच्या, हाही त्यांचाच.

त्या दिवशी आजोबा पाटासमोर येऊन पुन्हा पुन्हा नमस्कार करत होते. ते उठले की रुचा येई आणि फूल सारखे करण्याच्या निमित्ताने माझ्याकडे डोळे भरून पाही. नंदिनी खुश होऊन अभिजितला म्हणाली, "आज काय भक्तिभाव आहे रे घरात!"

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, उत्तरपूजा झाली. नंदिनीने मूत्रपिंडावरच्या चार ओळी वाचल्या. अभिजितने लॅपटॉप उघडून ऑफिसची एक सूचना वाचली, आणि ती त्यालाच नीट समजली नाही. रुचाने भूगोलातल्या नद्या वाचल्या. मग सगळे आजोबांकडे वळले.

आजोबांनी मला उचलले. त्यांनी खुणेचे पान उघडले, घसा साफ केला आणि मराठीत सुरू केले, "सकाळची कोवळी उन्हं अंगणात उतरली होती. पारिजातकाचा मंद सुगंध दरवळत होता..."

माझ्या त्या पानावर ना ऊन होते ना पारिजातक. ओर्ला एका काळोख्या होडीघराचे दार ढकलत होती.

"अंगणात एक... एक चिमणी आली. ती चिमणी..." आजोबा थांबले. त्यांची नजर ओळींवरून धावू लागली. चिमणी तिथेच राहिली. त्यांनी पान उलटले. मग आणखी एक उलटले. नंदिनी, अभिजित हात जोडून उभे. चहावर साय आली. आजोबांना कशाचे भान नव्हते. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

शेवटी रुचाला राहवले नाही.

"आजोबा! इज इट द पोस्टमन? प्लीज, इट्स युअर मॅन द पोस्टमन, इझन्ट इट?"

'युअर मॅन' म्हणजे तो अमका, अशी इकडची बोलायची तऱ्हा. आजोबांना ती ठाऊक नव्हती, पण पोस्टमन बरोबर कळला. मान वर न करताच ते म्हणाले, "नाही गं, पोस्टमन तर डावखुरा आहे. डावा हातमोजा तो काहून टाकून देईल? त्यालाच तर तो लागते! मले तर त्या पियानोवालीवर संशय आहे."

"नो वे! शी इज लव्हली!"

"गोड बोलते म्हणूनच!"

मग नंदिनी सावकाश म्हणाली, "एक मिनिट. ललित निबंधात पोस्टमन कुठून आला? आणि रुचा, तुला कसा माहीत?"

आजोबांनी रुचाकडे पाहिले. रुचाने आजोबांकडे पाहिले. टोस्टचा उंदीर त्या क्षणी सापडला.

नंदिनीने माझे खाकी कव्हर जरा सरकवले. खालचा हातमोजा दिसला. "बाबा! आणि शाळेत माझ्या दप्तरातून काढून घेतलं होतं ते?"

"ते मी परत केलं होतं," आजोबा पुटपुटले.

"हो. एका आठवड्यानं. आणि आतून सुपारी पडली होती."

आधी अभिजित हसला. मग कोणाला आवरेना. आजोबांचे कान लाल झाले होते, पण तेही हसत होते. अभिजित म्हणाला, "बाबा, चिमणीचं पुढे काय झालं ते राहू द्या. होडीघरात कोण आहे ते सांगा आधी."

मग चार ओळींची चार प्रकरणे झाली. रुचा मोठ्याने इंग्रजीत वाचे आणि आजोबा तिला अडवून विचारत, "हे काय म्हणाली ती? पुन्हा म्हण." ती पुन्हा म्हणे, हळू, आणि अडले की मोडक्यातोडक्या मराठीत सांगे. आजोबा मराठीत वाद घालत. सगळे ठाऊक असलेली नंदिनी तोंडावर हात ठेवून बसली होती. शेवट वाचून झाला तेव्हा कळले की दोघांचाही अंदाज साफ चुकला होता. रुचा जमिनीवर लोळली. आजोबा म्हणाले, "फसवलं बापा या कादंबरीनं आपल्याला!" आणि रुचाच्या हातावर टाळी दिली.

जेवताना अभिजितने विचारले, "बाबा, तिकिटाचं आज नक्की करू ना?"

नंदिनीचा हात पोळीवरच थांबला.

आजोबा वरण कालवत म्हणाले, "रुचा म्हणते, त्या कादंबरीचा दुसरा भाग आहे. तो वाचून व्हायला दिवाळी उलटेल. राहू द्या."

त्या दिवाळीला आजोबा एनिसमध्येच होते. दुसरा भागही त्याच दुकानात, केकच्या पुस्तकाशेजारी मिळाला. पुढे ते नागपूरला गेले. आता रविवारी फोनवर ते आणि रुचा एकच पुस्तक तिकडे आणि इकडे वाचतात आणि खुनी कोण यावर भांडतात. पुस्तकांची निवड मात्र नंदिनी करते.

आता २०१९ साल आहे. माझी शिवण सुटली आहे, पाने पिवळी पडली आहेत. पण मी छत्र्यांत नाही. पुढच्याच दसऱ्याला रुचाने हट्ट धरून मला पुन्हा पाटावर बसवले, आणि यंदाही बसवले. खाकी कव्हरवर कुंकवाचे तीन ठिपके आहेत. मी त्या मानाची आहे का, हे मला अजून कळलेले नाही.

मित्रांनो, माझी विनंती लहानच आहे. माझ्यासारख्या पुस्तकांचे कोपरे दुमडू नका, टोस्ट खाताना जरा जपा, आणि आम्हाला उशीखाली लपवू नका. आवडले तर शेजारच्याला द्या, म्हणजे भांडायला कोणीतरी मिळेल. फक्त शेवट सांगू नका. मीही तो सांगणार नाही. पण हातमोजा डाव्याच हाताचा का, याचा जरा विचार करून ठेवा.