पेट न घेणारी ताडपत्री

मित्रांनो, मी एक जुनी ताडपत्री आहे. माझी हकिगत कोणाला खरी वाटणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. मी पेटता जाळ मांडीवर घेऊन थोपटला आहे! हसू नका. आज तुम्ही पोरं या रानात माझ्या अंगावर बसून बोरं खाताय. पण एकेकाळी माझी जागा माणसांच्या डोक्यावर होती. तिथून खाली कशी आले, तेवढं मात्र विचारू नका. लाज वाटते.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे मला असा लेप दिला, की ठिणगी अंगावर पडली तर जागच्या जागी विझावी. पुढे मी भिगवणला रमजानभाईंच्या दुकानात आले. शेजारच्या निळ्या ताडपत्र्यांना मी रोज ऐकवायची, "मला बघून काडेपेटीला घाम फुटतो!" आता आठवलं की वाटतं, कोणीतरी घडी घालून माझं तोंड झाकावं.

एके दिवशी डाळजच्या कौसल्याकाकू आणि जोतीरामकाका दुकानात आले. काकांचे थोरले भाऊ विजयसिंहआबा. बांधावरून दोघा भावांचं बिनसलेलं, दोन्ही घरांत कित्येक वर्षं बोलणं नाही. काकूंनी धीर करून सगळ्या भावकीला हुरड्याला बोलावलं, आणि आबांनी चक्क "येतो" म्हणून निरोप धाडला. आल्या माणसांना सावली हवी. पण हुरडा भाजताना आगटीतली ठिणगी उडून छत पेटायला नको. म्हणून ही खास खरेदी.

रमजानभाईंनी माझ्या कोपऱ्याची चिंधी कापून तिला काडी लावली. चिंधी काळी पडली, आक्रसली, पण पेटली नाही.

"बघा काकू, पेट घेत न्हाय. पण उंच बांधा, आगटीपासनं बाजूला. ठिणगी सोसंल ती. जाळ न्हाय सोसायची."

"ऐकलं का?" काकूंनी विचारलं.

"ऐकलं की. पेट घेत न्हाय!" काका म्हणाले.

मीही तेवढंच ऐकलं.

हुरड्याच्या दिवशी धरणाच्या पाण्यावरून वारं सुटलं. आगटीतली राख उडून पाहुण्यांच्या डोळ्यांत जाऊ लागली. राख वर उडू नये म्हणून काकांनी माझे दोर सोडले आणि मला पार खाली, आगटीच्या डोक्यावर आणून बांधलं.

"अवो, भाई काय म्हणालं हुतं?" काकू कळवळल्या.

"अगं, पेट घेत न्हाय ती! आबा राख खात बसल्यात, ते बघ आधी."

आबा खरंच आले होते. भावाच्या समोर, आगटीला लागून मांडी घालून बसले होते. दोघे अजून बोलले नव्हते, पण काकूंनी दोघांच्या मध्ये एकच सूप ठेवलं होतं. काकांनी उत्साहाने आणखी गोवऱ्या घातल्या. वाऱ्याने जाळ भडकला आणि सरळ माझ्या पोटाला भिडला.

आणि मित्रांनो... काय झालं म्हणता? काही नाही! मी तो जाळ मांडीवर घेतला, थोपटला, निजवला. सगळी भावकी बघत राहिली. आबा म्हणाले, "जोत्या, ताडपत्री लई वाघीण आणलीस की!" काका हसले. मग दोघे एका सुपातली कणसं चोळायला लागले, आणि हुरडा संपेपर्यंत बांधाचं भांडणही संपलं. सगळं माझ्यामुळे. तेव्हा बाळांनो, आम्हा ताडपत्र्यांना जपत जा. उन्हात वाळवा, नीट घडी घाला, आणि...

"ए, खोटारडे!" आबांची नात राजलक्ष्मी माझ्यावरून ताडकन उठली. "पेटली न्हाईस, पर वितळलीस! तुझा तापलेला थेंब आमच्या आबांच्या हातावर पडला. 'घरी बोलवून भाजलं मला,' म्हणून आबा तसंच उठून गेलं. भांडण मिटलं असतं, तर आमी दोन्ही घरची पोरं हितं चोरून खेळाय का आलो असतो?"