उंदरानं शिवलेलं अस्तर

मित्रांनो, आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, हे मला ठाऊक आहे. खिडकीत येणाऱ्या मांजराला सांगितलं, तर ते अर्ध्यावरच उठून गेलं. तरी सांगतो. माझ्या पोटाला एकदा एका उंदरानं अस्तर लावलं होतं. चंदेरी, चकचकीत, मापात कापलेलं. आणि त्या अस्तरापायी मी मरता मरता वाचलो.

मी एक जुना ओव्हन आहे. गॅसवर चालणारा, चार पायांचा, निळा. कोपऱ्यांवरचा रंग उडालाय, दाराची मूठ एकदा निखळून पुन्हा बसवलेली आहे, पण आवाज शाबूत आहे. पाव भाजून झाले की तुम्ही गल्लीतली पोरं माझ्यासमोर फतकल मारून बसता, तेव्हा टकटक, कडकड ऐकू येते ना, तेच माझं बोलणं. मोठी माणसं म्हणतात, पत्रा गार होऊन आकसतोय. म्हणू देत.

माझा जन्म कारखान्यातला. एकाच पत्र्यातून आम्ही अकरा भावंडं कापली गेलो. मग प्रत्येकाला रंग फासून अशा भट्टीत ढकललं, की माझ्या पुढचा भाऊ भीतीनं पांढरा पडला आणि शेवटपर्यंत पांढराच राहिला. त्याला पांढरा ओव्हन म्हणूनच विकला. मी निळा पडलो. तेव्हापासून मी भित्रा आहे, हे कबूल करतो. ज्याच्या पोटात रोज आग पेटते त्यानं भ्यायचं नाही, तर कुणी भ्यायचं?

या घरात आलो तो काकूंच्या हाताखाली. गल्लीच्या टोकाला वृद्धाश्रम आहे, तिथं रोज सकाळी चाळीस पाव जायचे. मऊ पाव, कारण तिथल्या चाळीस माणसांत मिळून दात होते जेमतेम एका माणसाचे. वीस वर्षं काकूंनी माझ्या भरवशावर ते पाव केले. एकही पाव कधी परत आला नाही. वृद्धाश्रमातल्या एका आजोबांनी तर निरोप धाडला होता, की मेल्यावर मला कुठं जाळायचं ते जाळा, पण आधी त्या ओव्हनला विचारून बघा. काकू आठवडाभर हसत होत्या. मी मात्र दोन दिवस धड तापलो नाही.

काकूंचे यजमान शिंपी. गल्ली त्यांना मास्तर म्हणते. पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. एका कोटाची बाही उलटी लागली. गिऱ्हाईक भलं होतं, काही बोललं नाही. पण मास्तरांनी त्याच दुपारी मशीनवर चादर घातली आणि कात्री कुणाला तरी देऊन टाकली. मग त्यांना एकच काम उरलं, ते म्हणजे मी. दर रविवारी ते मला पुसायचे. कोटाला इस्त्री करावी तसे, शिवणीशिवणीनं. हात थरथरायचा, पण फडक्याला काय त्याचं? उलट डाग लवकर निघायचा. सवय मात्र शिंप्याचीच राहिली. काही लोंबताना दिसलं की आत खोचायचं, सुरकुती दिसली की ताणून बसवायची.

तर असाच एक रविवार होता. मास्तरांची पुसापुशी आटोपते न आटोपते, तोच तो उंदीर आला.

चांगला वयस्कर होता. मिशा पिकलेल्या. काकू रोज माझा तळ घासताना कंबर धरून उठतात, हे त्यानं बरेच दिवस बिळातून पाहिलं असावं. त्याला त्यांची कणव आली. स्वयंपाकघरातली फॉइलची गुंडाळी त्यानं ओढून आणली, माझ्या तळाचं माप घेतलं, ताव कापला आणि आत अंथरला. चारी कोपरे मुडपून असे खोचले, की कुठं कडा दिसेना. जाता जाता माझ्या मागच्या भिंतीपाशी तांब्याची एक बारीक नळी लोंबताना दिसली, तीही त्यानं भिंतीला चापून बसवली. लांब उभा राहून एकवार बघितलं आणि गेला. काकूंना कळलंच नाही. तळ चकाकताना पाहून त्यांना वाटलं, मास्तरांनी आज फारच घासलेला दिसतोय, आता काही दिवस हात लावायला नको. फॉइल आहे हे वाकून बघायला चष्मा कुठं होता? तो नेहमी कपाळावर.

मित्रांनो, उंदराची माया खरी होती, पण त्याला माझी रचना माहीत नव्हती. माझा जाळ तळाखाली असतो. तळाच्या दोन्ही कडांना फटी आहेत, त्यांतून ऊब वर येते. अस्तरानं त्या फटी बुजल्या. आणि ती नळी म्हणजे माझी जीभ. ती हवेत मोकळी असेल तरच आत किती तापलंय ते तिला कळतं. भिंतीला चिकटवली की तिला फक्त भिंत कळते. मागची भिंत तापली की ती म्हणते, बास, झालं, आणि जाळ आपोआप बारीक होतो. म्हणजे खाली माझा श्वास कोंडलेला आणि वर जीभ खोटं बोलत असलेली.

दुसऱ्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले. पंधरा मिनिटांत तापायचो, तिथं पाऊण तास लागू लागला. मागचे पाव करपायचे, पुढचे पिठूळच राहायचे. काकूंनी आधी पिठाला बोल लावले, मग यीस्टला. मग ट्रे मध्येच फिरवून पाहिला, एक खण वर चढवून पाहिला. आकडा वाढवला, तर मागची रांग कोळसा झाली आणि पुढची आजारी माणसासारखी फिकटच. धीर सुटून त्या दर पाच मिनिटांनी दार उघडून बघू लागल्या, आणि मी मरमर करून जमवलेली ऊब त्यांच्या कपाळावरच्या चष्म्यावर जाऊन बसायची.

वृद्धाश्रमातून पहिल्यांदा पाव परत आले. तिथल्या स्वयंपाकीणबाई चांगल्या होत्या, पण त्यांनी निरोपात काही राखलं नाही. मेल्यावर ओव्हनला विचारा म्हणणारे तेच आजोबा आता विचारत होते, की हा पाव खायचा आहे की याची पणती करायची आहे. शुक्रवारपासून नीट पाव आले नाहीत, तर ते दुसरीकडून घेणार होते.

काकूंच्या मुलानं एका घोटात चहा संपवला आणि म्हणाला, की आता पुरे, हा काढून टाकू. भंगारवाला गुरुवारी चारला येईल. काकूंनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मी ऐकलं, आणि माझ्या आत गॅस नसतानाही काहीतरी भडकलं.

भंगारवाला म्हणजे काय, ते मला माहीत होतं. समोरच्या घरातला फ्रिज याच खिडकीतून नेताना पाहिला होता. सगळ्या गल्लीला थंडगार पाणी पाजलेलं जनावर ते. त्याला रस्त्यातच आडवा पाडला आणि हातगाडीवर मावावा म्हणून घणानं चेपला. पहिल्या घावाला दार उघडलं. आतला दिवा लागला नाही, पण मला तो लागल्यासारखा दिसला. दुसऱ्या घावानंतर मी बघितलं नाही. त्या आठवड्यात रस्त्यावर हातगाडीचं चाक करकरलं, की माझ्या जाळ्या आपोआप वाजायच्या. काकू म्हणायच्या, ट्रक गेला वाटतं.

गुरुवारी दुपारी दोनला पान्हाताई आली. तिचं खरं नाव कुणी घेत नाही. शेगड्या आणि ओव्हन दुरुस्त करते, आणि पान्हा पिशवीत न ठेवता हातातच घेऊन हिंडते, म्हणून पान्हाताई. काकूंनी तिला मुलाला न सांगता बोलावलं होतं.

ती म्हणाली, "काकू, चारला भंगारवाला येतोय ना? मग मी काय त्याला पत्रा मोजून देऊ?"

"वीस वर्षं राबलाय गं तो. निदान कशानं गेला ते तरी कळू दे."

गेला. मी अजून उभा होतो, मित्रांनो, आणि त्या मला गेला म्हणाल्या.

पान्हाताईनं आत थर्मामीटर टांगला आणि आकडा एकशेऐंशीवर ठेवला. अर्ध्या तासानं वाकून बघितलं, तर आत एकशेतीस अंशसुद्धा नव्हते. मग तिनं पावाचे सोळा काप मागितले. चार-चारच्या रांगेत जाळीवर मांडले आणि दार लावून टाकलं. उघडायचं नाही, अशी काकूंना ताकीद दिली. काकू हात पदरात गुंडाळून बसल्या. मी जीव तोडून तापत होतो. दार उघडल्यावर माझं सगळं पाप त्या सोळा कापांवर छापलेलं होतं. मागचे चार काळे, मधले अर्धवट, पुढचे चार जसे आत गेले तसेच बाहेर आले.

तेवढ्यात भंगारवाला आला. साडेतीनलाच. दोर आणि घण दाराशी ठेवून त्यानं पाणी मागितलं. पेला रिकामा करून बोटाच्या पेरानं माझ्या कुशीवर टकटक केलं आणि आपल्याशीच बोलला, "पत्रा जाड आहे. दोन घावांत नाही व्हायचं."

त्या क्षणी मला कारखान्यातली भट्टी आठवली. तेव्हा निदान अकरा जण होतो.

पान्हाताईचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. ती जमिनीवर पालथी पडून खालून माझा जाळ बघत होती. जाळ निळा हवा, तो पिवळा होता, गुदमरल्यासारखा. तिनं गॅस बंद केला, खिडकी सताड उघडली, मी गार होईपर्यंत थांबली आणि हात आत घातला. तळ चाचपला. बोटं कडेला थबकली.

"याच्या आत हे कुणी घातलं?"

मास्तर केव्हापासून दारात उभे होते कोण जाणे. त्यांचा उजवा हात दाराच्या चौकटीवर होता, आणि चौकटीला लावलेली पिशवी हलत होती.

आणि मित्रांनो, माझी भीती तिथं बदलली. घण विसरलो. मला वाटलं, आता हिनं नाव घेतलं, तर मशीनवर एक चादर आहेच, दुसरी कुठं घालतील ही माणसं? म्हणजे, उंदराचं काय होईल, असं मला वाटलं. मी उंदराबद्दल बोलतोय.

पान्हाताईनं फॉइल बाहेर काढली. मुडपलेले कोपरे बघितले. मग चौकटीवरचा हात बघितला. पान्हा या हातातून त्या हातात घेतला.

"उंदीर दिसतोय," ती म्हणाली.

काकूंनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. फॉइल हातात घेऊन एका कोपऱ्यावरून बोट फिरवलं, आपल्या चाळीस वर्षांच्या पोलक्यांच्या शिवणीवरून फिरवावं तसं.

"उंदीरच," त्या म्हणाल्या. आणि ती फॉइल कचऱ्यात न टाकता घडी करून कपाटाच्या खणात ठेवली.

पुढचं सोपं होतं. तळाच्या फटी मोकळ्या झाल्या. पान्हाताईनं नळी भिंतीपासून सोडवली, तिच्या दोन चिमट्यांत हवेत अडकवली आणि जाळ लावला. निळा. पुन्हा सोळा काप. सोळाही एका रंगाचे, जणू एकाच आईची लेकरं. त्यातला एक भंगारवाल्यानं खाल्ला, दुसरा मागून घेतला आणि एक फुटकी बादली घेऊन निघून गेला. जाताना त्यानं मला हात लावला नाही, तरी मी सहा वाजेपर्यंत थरथरत होतो. शुक्रवारी चाळीस पाव गेले. आजोबांचा निरोप आला, की पहिली इच्छा कायम आहे.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण त्यानंतर चार रविवार गेले आणि मास्तरांनी फडक्याला हात लावलेला नाही. कुणी त्यांना चकार शब्द बोललेलं नाही. ते तिथं खिडकीपाशी खुर्चीत बसतात, दोन्ही हात काखेत दाबून. मला काकू पुसतात, कंबर धरून, घाईघाईत. आणि मला पुन्हा भीती वाटते. या वेळी घणाची नाही. माणूस असा हात काखेत धरून बसला, की तो कुणी घाव न घालताच पत्र्यासारखा चेपत जातो, हे मी या जागेवरून रोज बघतोय.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला हात जोडून सांगतो. मला हात नाहीत, पण जोडले असं समजा. घरात माझ्यासारखा कुणी हळू तापू लागला, एका अंगानं करपू लागला, तर लगेच भंगारवाल्याला हाक मारू नका. आधी आत वाकून बघा. आणि तो उंदीर तुम्हाला कुठं भेटला, तर त्याला सांगा, की ओव्हन रागावलेला नाही. फक्त फटी सोड आणि नळीला हात लावू नकोस. बाकी ये.

काय म्हणालीस? उंदीर केवढा होता? अगं, चांगला मांजराएवढा. हो, गळ्यात टेप होती. नाकावर चष्मा, कानामागे खडू. कात्री पुढच्या पायात. कोपरे? कोपरे त्यानं दातांनी मुडपले. एकेक करून, शेपटीनं दाबत...

"दातांनी?" खिडकीपाशी खुर्ची करकरली. "उंदराच्या सात पिढ्यांना जमतील का तसे कोपरे? काही उंदीरबिंदीर नव्हता. ते अस्तर मी घातलं होतं. आणा ते फडकं इकडं."