एक जून

"नाना, जलमतारीख काय टाकू? आधारवर नुसतं साल शे." रुपलीने फॉर्म माझ्या टेबलावरच्या कागदांवरच ठेवला.

प्रौढांच्या साक्षरता वर्गाची परीक्षा रविवारी होती, इथेच पिंप्राळ्यात.

"तुला माहीत नाही?"

"कोनले माहीत? आई म्हने, मोहफुलं वेचाना दिन व्हतात."

"एक जून टाक," मी सवयीने म्हणालो. एकतीस वर्षं शाळेत कारकुनी केली. ज्याची तारीख आईबापाला सांगता येत नसे, त्याला मी एक जून देऊन टाकी.

"बठ्ठासना जलम एकच दिनले? मंग केक कितला मोठा लागी!" ती हसली.

फॉर्मखाली माझं भाषण होतं. शनिवारी वाचनालयात फ्रेडरिक डग्लसच्या बालपणावर बोलायचं होतं. अमेरिकेतला गुलाम मुलगा, पुढे गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांचा पुढारी झाला. त्यालाही जन्मतारीख माहीत नव्हती. मालकिणीने त्याला अक्षरं शिकवायला घेतली आणि मालकाने थांबवली. शिकला तर कामाचा राहणार नाही, म्हणाला. या वाक्यापाशी मी चार दिवस अडलो होतो.

ते मीही म्हणालो होतो. रुपली तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेल. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी तिचं गाव. तिचा बाप सुकलाल तिला आमच्या मुलीला, रोशनीला सांभाळायला ठेवून गेला, आणि ती आजवर इथेच राहिली. माझी बायको हेमलता, रुपलीची 'बाई', दुपारी तिला पाटीवर अक्षरं काढून देई. एकदा जेवता जेवता मी म्हणालो, "हे बंद कर. शिकली तर टिकेल का ती आपल्याकडे?" आवाजही चढवला नव्हता. रुपली रोज रोशनीचं दप्तर घेऊन माझ्याच शाळेच्या फाटकापर्यंत येई आणि तिथून परत फिरे. दाखल्यांचं रजिस्टर माझ्या हातात होतं.

"पास व्हसू का मी, नाना?" रुपली विचारत होती. "माले डोकं नही ना. बाईनी तव्हयच सांगेल व्हतं, 'रुपले, तुला नाही जमायचं.'"

हेमलता जाऊन सहा वर्षं झाली. तिने हे शेवटपर्यंत स्वतःवर घेतलं होतं.

"जमत होतं तुला," मी म्हणालो. "रोशनीला लागत त्याच्या निम्म्या दिवसांत येत होतं. बाईला बंद करायला मी लावलं."

"काब्रं?"

"तू निघून जाशील म्हणून."

ती उठली. आत जाऊन दुधाखालचा गॅस बंद करून आली. उभ्या उभ्याच, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "म्हंजे माले डोकं व्हतं."

"रुपली, माझं..."

"मोह चैतमा पडस. चैत म्हंजे कितवा महिना?"

"मार्च, एप्रिल."

"एप्रिल म्हंजे चार ना? पेन द्या."

खाली बसून तिने चौकोनात चारचा आकडा काढला. दिवस कोणता टाकावा, हे तिने मला विचारलं नाही. मग नाव लिहायला घेतलं. शेवटच्या 'ली'ची वेलांटी तिने ऱ्हस्व काढली. माझा कारकुनाचा हात, दुरुस्त करायला आपोआप पुढे गेला.

शेजारच्याने बघू नये म्हणून परीक्षेत मुलं धरतात, तसा तिने डावा हात फॉर्मवर आडवा धरला आणि पुढचं लिहू लागली.