शिट्टीचं न ऐकणारा चेंडू

यातलं एक अक्षर जरी खोटं असेल, तर माझे उरलेसुरले दात पडोत. तसेही ते हलतातच आहेत.

आमची सूनबाई शाळेत पीटी शिकवते. पोरं तिला शिट्टीबाई म्हणतात, अर्थात पाठीमागे. तिनं एक फुंकर मारली की अख्खा वर्ग असा गर्रकन वळतो की वाऱ्याची दिशा बदलते. मैदानापलीकडे वाळत घातलेले कपडे उलटे उडताना मी या डोळ्यांनी पाहिलेत.

त्या वर्षी शाळेला कुणीतरी टेनिसच्या जुन्या रॅकेटी दिल्या. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, सूनबाईला म्हणाल्या, "शिकवा सातवीला. शुक्रवारी मी बघायला येते. पोरांना जाळीऐवजी बांधलेल्या दोरीपलीकडे चेंडू घालवता आला तर ठीक, नाहीतर त्यांचा पीटीचा तास गणिताच्या सरांना देऊन टाकते."

गणिताचे सर त्या तासावर कधीपासून डोळा ठेवून होते.

सूनबाईनं जन्मात रॅकेट धरली नव्हती. पण शिट्टी होती ना! तिनं फटक्याचे तुकडे पाडले. एकला खांदा वळवायचा, दोनला रॅकेट मागे, शिट्टीला फटका. चेंडू नसताना काय देखणा प्रकार! चेंडू आला आणि सगळं मुसळ केरात. शिट्टी वाजायची, सगळ्या रॅकेटी एका दमात फिरायच्या, आणि चेंडू मात्र आपल्या सवडीनं येऊन कुंपणापाशी जाऊन बसायचा.

"पोरं तीच, शिट्टी तीच. मग अडतंय कुठं?" घरी आल्यावर चपलाही न काढता ती विचारायची. वैतागून नाही हं. कुलूप उघडत नसलं की माणूस किल्ली उलटसुलट करून बघतो ना, तशी.

"मला विचार की," मी म्हणालो. "तरुणपणी मी एक चेंडू असा टोलवला होता, तो अजून खाली यायचाय."

"तो येईपर्यंत हा टाका, बाबा," म्हणत तिनं माझ्या हातात चेंडू कोंबला.

सोफा भिंतीला सरकवला. माझे चिरंजीव पेपरआडून म्हणाले, "दिवा फुटला तर दोघांनाही अंधारात बसवीन." मी एक, दोन, तीन म्हणून चेंडू टाकायचो, ती तीनला रॅकेट फिरवायची, आणि चेंडू सोफ्याखाली. असाच एकदा मी वाकून चेंडू काढत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

सूनबाईनं सणसणीत फटका मारला. चेंडू तर अजून माझ्याच हातात!

तिनं रॅकेटकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे, मग माझ्याकडे. "बाबा, मी आत्ता कशावर मारलं?"

"कुकरवर."

"अगं बाई! म्हणजे मी चेंडूकडे बघतच नव्हते!"

ती इतकी हसली की कुकर करपला. मग तिला चैनच पडेना. डोळे मिटून बसली, मला चेंडू आपटायला लावले आणि नुसत्या आवाजावरून सांगू लागली, "हा जवळ पडला. हा हळू. हा तुमच्या पायावर." शेवटचं तर माझ्या ओरडण्यावरूनही कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिनं शिट्टी घरीच खुंटीला टांगली. पोरांना म्हणाली, "टप्पा ऐका. तो पडला की चेंडू कुठं निघालाय ते बघा, आणि मग मारा." दोन दिवस नुसता गोंधळ. एक चेंडू पाण्याच्या टाकीत, एक शिपाईमामांच्या डब्यात. तिसऱ्या दिवशी एका पोरीच्या रॅकेटमधून 'ठक्क' असा आवाज आला आणि सगळी पोरं वळून बघायला लागली. हा आवाज हिनं कसा काढला?

शुक्रवारी मोठ्या बाई खुर्ची टाकून बसल्या. गणिताचे सर खडू घेऊनच फाटकाशी उभे. चेंडू वेचायला मी. पोरांनी फटके मारले. काही वाकडे, काही फार उंच, पण दोरीपलीकडे.

"शिट्टी कुठंय तुमची?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"घरी ठेवली. लागत नाही."

"असं कसं? द्या बघू ती रॅकेट इकडे." त्या दोरीसमोर उभ्या राहिल्या.

आणि नेमकी तेव्हाच भिंतीपलीकडच्या रस्त्यावर ट्रॅफिक हवालदारानं शिट्टी फुंकली. पण पोरांतलं एक हललं असेल तर शपथ! फिरली ती एकच रॅकेट, मोठ्या बाईंची. चेंडू अजून सूनबाईच्या मुठीत.

कुणीतरी खुदकन हसलं. मोठ्या बाईंनी भुवया उचलल्या. आता आली पंचाईत, मी म्हटलं.

"हे असं का झालं हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"माझंही झालं होतं, बाई. कुकरवर."

"पुन्हा टाका."

एक गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला त्या मान तिरकी करून ऐकत राहिल्या. घंटा झाली, ती काही त्यांना ऐकू आली नाही. गणिताचे सर खाकरले, "बाई, तेवढं तासाचं..."

"थांबा हो! टप्पा पडतोय इथं. तास कुठं जात नाही पोरांचा."

ठक्क! चेंडू दोरीवरून गेला, भिंतीवरून गेला, दिसेनासा झाला. वर तो माझ्या त्या जुन्या चेंडूला धडकला असणार. कारण खाली आले ते दोन.